'लोकल' आहे म्हणून पॅच लांबवू नकोस

अरे, बगच्या वर्णनात 'लोकल' वाचलं की पॅच (दुरुस्तीचं अपडेट) पुढच्या महिन्यावर ढकलायचा नाही हां. लोकल म्हणजे मशीनसमोर बसलेला माणूस नाही, ज्याच्याकडे साधं शेल अकाउंट (कमांड चालवायचं लॉगिन) आहे किंवा ज्याची स्क्रिप्ट तुझ्या सर्व्हरवर चालते तो कोणीही.

२००४ चं लिनक्सचं प्रकरण बघ. छोटासा सी प्रोग्राम, रूटबिट (अ‍ॅडमिनचे अधिकार) काही लागत नव्हतं, चालवला की एक्स८६ (इंटेल-एएमडी प्रोसेसरचं) मशीन जागीच गार. व्हायचं असं की प्रोग्राम फ्लोटिंग पॉइंट युनिटचं (प्रोसेसरमधला दशांश-गणित करणारा भाग) एक एक्सेप्शन, म्हणजे गडबडीचा इशारा, पेंडिंग ठेवायचा, मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, साफसफाई करताना एफवेट (पेंडिंग एक्सेप्शन तपासणारी इन्स्ट्रक्शन) चालवायचं, ते एक्सेप्शन आता कर्नलमध्येच उडायचं, हँडलर (एक्सेप्शन हाताळणारा कोड) परत त्याच एफवेटवर यायचा, परत तेच, गोल गोल, बाहेर पडणं नाहीच. दुरुस्ती काय तर एफवेटच्या आधी एफएनक्लेक्स, म्हणजे पेंडिंग एक्सेप्शन आधी पुसून टाकायचं. एक इन्स्ट्रक्शन! मला हे अजून भारी वाटतं.

तर आधी बघ मशीनवर लॉगिन कोणाकोणाला आहे. यूलिमिट, सीग्रुप (प्रोग्राम किती रिसोर्स वापरेल त्याच्या मर्यादा) लावच, फोर्क बॉम्बला (स्वतःच्याच प्रती काढत सुटणारा प्रोग्राम) ते कामाचे, पण असल्या बगपुढे ते काही करू शकत नाहीत, तिथे नवा कर्नलच हवा. आणि पॅकेज अपडेट करून निवांत झोपू नकोस, रीबूट होईपर्यंत जुनाच कर्नल चालू असतो, यूनेम -आर (चालू कर्नलची आवृत्ती दाखवणारी कमांड) मारून बघ. पीओसी (बग दाखवणारा नमुना प्रोग्राम) ट्राय करायचाच असेल तर व्हीएममध्ये (व्हर्च्युअल मशीन), चालू सर्व्हरवर नको बाबा.