अंगठी वितळली म्हणून पुस्तक मिटू नकोस

टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या अद्भुत कादंबरीचा शेवटचा खंड हाती घेतलास, फार बरं वाटलं. एकच सांगतो, जिचा नाश करायला सगळी धडपड चालते ती दुष्ट अंगठी ज्वालामुखीत पडल्यावर घाई करू नकोस. त्या खंडाच्या शेवटच्या भागात 9 प्रकरणं आहेत आणि अंगठी तिसऱ्यातच नष्ट होते. उरलेली 6 मीही पहिल्यांदा भराभर उरकली होती. नागपूरच्या बर्डीवरून घेतलेली जुनी प्रत, मे महिन्यातली दुपार, कूलरची घरघर. वाटलं, लढाई संपली, आता काय राहिलं?

आठवं प्रकरण सावकाश वाच. 2003 च्या सिनेमात ते नाहीच. अंगठी वाहून नेणारा फ्रोडो, त्याचा सोबती सॅम आणि दोन मित्र असे चौघं घरी परततात तर गावच उजाड झालेलं, झाडं तोडलेली, आणि या वेळी मदतीला जादूगार नाही. नंतर सॅम गावभर रोपं लावत फिरतो. आमच्या गल्लीतला कडुनिंब पडला त्या वर्षी मी ती पानं पुन्हा वाचली, तेव्हा कुठं ती मला कळली.

फ्रोडोला प्रवासात झालेली जखम मात्र भरत नाही. दरवर्षी 6 ऑक्टोबरला ती ठणकते. म्हणून तो कायमचा निघून जायला जहाजात बसतो आणि सॅम घरी येतो, जेवण तयार असतं, लेक मांडीवर. हे पान रात्री एकट्यानं वाच बाबू, बसमध्ये नको.

परिशिष्टातली सालवारी दोन दिवस थांबून उघड. सॅमचं पुढं काय झालं ते तिथं आहे. वाचून झालं की फुटाळा तलावावर ये, बोलू.