जुन्या स्कूल बसचा आपत्कालीन दरवाजा, सीटबेल्ट आणि अग्निशामक दुरुस्त करून वापरावेत की नवे घ्यावेत?

दरवाजा दुरुस्त करून वापरता येतो, सीटबेल्ट मात्र नवेच बसवावेत आणि अग्निशामक तज्ज्ञाच्या तपासणीत योग्य ठरला तरच ठेवावा. दरवाजा अडण्याची कारणे बहुधा साधी असतात: गंजलेली बिजागरे, घट्ट झालेला खटका आणि चौकटीला चिकटून बसलेले रबर. ही कामे झाल्यावर दरवाजा आतून व बाहेरून फारसा जोर न लावता उघडतो का आणि खटका सुटताच चालकाजवळचा बझर वाजतो का, हे पाहावे. बझर गप्प असेल तर बिजागराजवळची तार आधी तपासावी, कारण उघडमिटीत वाकून वाकून ती तिथे तुटू शकते. सीटबेल्टच्या पट्ट्याचे कापड उन्हाने आणि घर्षणाने कमकुवत होते, त्यामुळे तो शिवून घेणे ही बचत नव्हे. अग्निशामकाचा काटा हिरव्या पट्ट्यात असला तरी तो केवळ दाब दाखवतो. आतील आग विझवणारी कोरडी पावडर हादऱ्यांनी तळाशी घट्ट बसलेली असू शकते, म्हणून तज्ज्ञाची तपासणी हवी. अर्थात दरवाजाची चौकटच वाकलेली किंवा गंजाने पोखरलेली असेल, तर आधी बसच्या सांगाड्याचे काम करावे लागेल.