शेवाळातली पिल्लं गेली कुठे?

प्रश्न: ओहोटीच्या वेळी खडकांवर मसल शिंपल्यांचे दाट थर दिसतात. त्यांच्याजवळच्या केसाळ शेवाळात मला मिलिमीटरभरही नसलेले पुष्कळ शिंपले सापडले. काही आठवड्यांनी पाहिलं तर शेवाळ रिकामं. ती सगळी पिल्लं मेली का?

उत्तर: काही नक्कीच मेली असतील, पण सगळी नाही. बरीचशी तिथून निघून गेली असणार. शिंपला एकदा चिकटला की आयुष्यभर तिथेच राहतो, अशी आपली समजूत असते. लहान वयात तो तसा राहत नाही.

मसलमध्ये नर-मादी वेगळे असतात. पाण्याचं तापमान बदललं किंवा शेजाऱ्याने बीज (अंडी किंवा शुक्राणू) सोडलं, की बाकीचेही सोडू लागतात. एकेक मोठी मादी लाखो अंडी सोडते आणि फलन उघड्या पाण्यात होतं. दोनेक दिवसांत अंड्यातून निघालेल्या अळीवर कवच येतं. पुढचे काही आठवडे ती भरती-ओहोटीच्या प्रवाहात वाहत राहते.

खाली उतरायच्या सुमाराला तिला डोळ्याचा ठिपका आणि पाय फुटतो. तेव्हा तिची लांबी असते जेमतेम पाव मिलिमीटर! त्या पायाने ती जागा चाचपते. पसंत पडली तर पायातल्या ग्रंथीतून तंतू काढून चिकटते, नाहीतर अळीचं शिंपल्यात होणारं रूपांतर लांबवून पुन्हा पोहायला लागते. एवढ्याशा जिवाला ही निवड करता येते, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं.

पहिली पसंती बहुधा तंतुमय शेवाळाला असते. तुम्ही पाहिलीत ती हीच पिल्लं. सागरी जीवशास्त्रज्ञ ब्रायन बेन यांनी 1964 मध्ये मांडलं, की ती इथे थोडी वाढतात, मग जागा सोडतात आणि दुसऱ्यांदा मोठ्या शिंपल्यांच्या थरात जाऊन बसतात. आधी थेट तिथेच का जात नाहीत? मोठे शिंपले दिवसभर पाणी गाळत असतात आणि त्या पाण्याबरोबर अळ्याही ओढल्या जातात. हे कारण मला पटतं. पण सगळीकडे असंच घडत नाही. काही किनाऱ्यांवर अळ्या थेट मोठ्यांच्या थरातच उतरलेल्या आढळल्या आहेत.

प्रवासाची युक्ती 1976 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून कळली. पिल्लू एक लांब, अतिशय बारीक तंतू सोडतं. कोळ्याचं पिल्लू धाग्यावर वाऱ्याने उडतं, तसं तेही प्रवाहाबरोबर तरंगत जातं. सुमारे दोन मिलिमीटरपर्यंत वाढलेल्या पिल्लांनाही हे जमतं. कवच जड झालं की मात्र हा मार्ग बंद होतो.

तुमची पिल्लं शोधायची असतील तर आता मोठ्यांच्या मधल्या फटींत, त्यांच्या तंतूंच्या गुंत्यात भिंगाने पाहा. एकही शिंपला ओढून काढू नका. शेजाऱ्यांचे तंतू त्याच्यातच अडकलेले असतात. एक निघाला की थर सैल होतो, आणि मोठ्या लाटा तिथूनच तो उखडायला लागतात.