लेखनिक हवा, पण टक्के कमी

प्रश्न : माझा मुलगा पुण्यातील अनुदानित शाळेत आठवीत शिकतो. त्याला सौम्य सेरेब्रल पाल्सी असून प्रमाणपत्रावर ३० टक्के दिव्यांगत्व नोंदवलेले आहे. इतिहासाचा धडा तो तोंडी घडाघडा सांगतो. लिहिताना मात्र दोन ओळींतच बोटे ताठरतात आणि पेपर निम्मा कोरा राहतो. ४० टक्के नसल्याने लेखनिक किंवा वाढीव वेळ देता येणार नाही, शिवाय तो पास होतोच, असे शाळा सांगते. याविषयी न्यायालयांचे काही निकाल आहेत का?
— एक आई, कोथरूड

उत्तर : ४० टक्क्यांची अट कायद्यात आहे, परंतु शाळा ती भलत्याच ठिकाणी लावत आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार ही मर्यादा उच्च शिक्षणातील आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोय करून द्यावी, असे सांगणाऱ्या कलम १६ मध्ये टक्केवारीचा उल्लेखच नाही.

नेमका हाच मुद्दा ‘विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. अर्जदाराला रायटर्स क्रॅम्प, म्हणजे लिहिताना हात आखडण्याचा विकार होता आणि ४० टक्क्यांची अट पुढे करून आयोगाने त्याला लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी हा नकार बेकायदेशीर ठरवला आणि केंद्र सरकारला नियमावली करण्यास सांगितले. त्यानुसार ऑगस्ट २०२२ मध्ये निघालेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असूनही लिहिण्यास अडचण असलेल्या परीक्षार्थींना, सरकारी आरोग्य संस्थेच्या प्रमाणपत्रावर, लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटे वाढीव वेळ देण्याची तरतूद करण्यात आली.

‘पास होतोच’ हा युक्तिवादही जुना आहे. अमेरिकेत १९८२ साली, वर्गात चांगली प्रगती असलेल्या एका कर्णबधिर मुलीला सांकेतिक भाषेचा दुभाषी देण्यास शाळा बांधील नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. २०१७ मध्ये त्याच न्यायालयाने, नाममात्र प्रगतीवर शाळेला समाधान मानता येणार नाही, असे स्पष्ट केले. ते निकाल येथे बंधनकारक नाहीत, त्यामुळे अर्जात त्यांना जागा देऊ नये.

अर्ज मात्र आताच करावा. २०२१ च्या नीट परीक्षेत लेखन अक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीला वाढीव तास मिळाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचे मान्य केले, पण फेरपरीक्षेचा आदेश दिला नाही. तेव्हा कलम १६ चा उल्लेख करून मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा, सोबत वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे आणि पोच घ्यावी. नकार आल्यास तोही लेखी मागावा. राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय पुण्यातच आहे, आणि तेथे तक्रार नोंदवताना हाच कागद उपयोगी पडेल.