कमरेतली भूल कुठवर चढते?

प्रश्न : यंदा माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि पाठोपाठ सुनेचं सिझर. दोघांनाही कमरेत भुलेचं इंजेक्शन दिलं. माझी बधिरता बेंबीच्या जरा वर थांबली, तिची छातीपर्यंत चढली, श्वासही जड वाटला. मी पावणेसहा फूट, ती पाच. तिला डोस जास्त झाला का?
– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : उलट, तिचा डोस बहुधा तुमच्यापेक्षा कमीच असेल. हर्नियाला बेंबीच्या आसपासची बधिरता पुरते. सिझरमध्ये पोटाच्या आतलं आवरण ताणलं जातं, म्हणून ती मुद्दाम स्तनाग्रांच्या रेषेपर्यंत न्यावी लागते. तरीही औषध साधारण 2 ते 2.2 मिलिच, हर्नियाला अनेकदा 3 मिलिपर्यंत देतात. कारण गरोदरपणी मणक्याच्या पोकळीतल्या शिरा फुगतात, मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याला जागा कमी उरते आणि तेवढंच औषध वर सरकतं.

हे औषध म्हणजे 0.5 टक्के 'हेवी' बुपिव्हॅकेन. दर मिलित 5 मिग्रॅ औषध आणि 80 मिग्रॅ डेक्स्ट्रोज (एक प्रकारची साखर), म्हणून ते त्या पाण्यात पाकासारखं तळाशी जातं. उताणं झोपल्यावर कमरेचा बाक उंचावर आणि पाठीचा मधला भाग खोलगट, त्यामुळे ते घरंगळत तिकडे जमतं. इंजेक्शननंतर बराच वेळ बसवून ठेवलं, तर तेच औषध बैठकीच्या भागात उतरतं. उंचीचा हिशेब मात्र फारसा कामाचा नाही. मोठ्यांच्या उंचीतला फरक बराचसा पायांचा असतो. खरा फरक पाडतं ते पाणी. ते प्रत्येकात वेगळं, आणि टेबलावर मोजता येत नाही.

म्हणून अंदाज बांधायचा आणि तपासायचं. स्पिरिटचा बोळा आधी गालाला लावून 'गार' म्हणजे काय ते कळू द्यायचं, मग मांडीपासून वर, दोन्ही बाजूंना. गार जिथं लागू लागतं, त्याच्या एकदोन पट्टे (पट्टा म्हणजे मणक्यातल्या एका नसेच्या ताब्यातला त्वचेचा भाग) खालीच स्पर्श जाणवू लागतो. सिझरला चीर देण्याआधी स्पर्शही तपासावा. पातळी वीसेक मिनिटं सरकत राहू शकते, त्यामुळे त्या वेळात टेबल डोक्याकडे उतरतं करताना जपावं.

श्वास जड वाटला, कारण बरगड्यांची हालचाल जाणवेनाशी होते. श्वासपटलाची नस मानेतून येते, ती सहसा शाबूत असते. पण करंगळी झिणझिणली, मूठ सैल पडली, आवाज बारीक झाला किंवा मळमळलं, तर तत्काळ सांगायचं. मळमळ ही अनेकदा बीपी उतरल्याची पहिली खूण असते.

सुनेच्या भुलेच्या नोंदीची प्रत मागून घ्या. त्यात किती मिलि दिलं आणि पातळी कुठवर गेली, हे असतं. पुढच्या भूलतज्ज्ञाला त्याचा उपयोग होईल.