प्राण्यांच्या जुन्या हाडांवर संशोधन करणाऱ्याचं आयुष्य नेमकं कसं असतं?

तुमची मुलगी बारावीला आहे, तिला आदिमानव आणि प्राण्यांची प्राचीन हाडं यांचा अभ्यास करायचाय, आणि तुम्ही विचारलंय की ही माणसं दिवसभर करतात तरी काय आणि त्यावर घर चालतं का. मी उत्खननात निघालेली प्राण्यांची हाडंच तपासते, म्हणून लिहिते.

उत्खनन वर्षातून जेमतेम महिना-दोन महिने. पावसाळा सरला, शेतं मोकळी झाली की पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर तंबू पडतात. उरलेलं वर्ष टेबलाशी जातं. समोर हाडांचा ढीग, त्यातले कित्येक तुकडे बोटाएवढे, कारण खाणाऱ्यांनी नळ्या फोडून मज्जाही सोडलेली नसते. तुकडा हातात घ्यायचा आणि बघायचं: कुठल्या जनावराचा, कुठल्या हाडाचा, डावा की उजवा, भाजलाय का, सुरीचे वण आहेत का, नंतर कुत्र्यानं चघळलाय का. मग पुढचा. असे हजारो.

शेळी आणि मेंढी दारात उभी असेल तर लहान पोरही ओळखतं. हाडं झाली की मुरलेला माणूसही अडतो, आणि अहवालात पुष्कळदा ‘शेळी/मेंढी’ असं एकत्रच लिहावं लागतं. त्यासाठी ताडून बघायला आजच्या प्राण्यांचे सांगाडे लागतात. मेलेलं जनावर मिळवायचं, पुरायचं, काही महिन्यांनी उकरून धुवायचं आणि एकेका हाडावर क्रमांक घालायचा. हे मी स्वतः केलंय. त्या निमित्तानं भेटलेल्या एका धनगर आजोबांनी मला जबडा उघडून दात बघायला शिकवलं. बैलबाजारात आदत, दोनदाती, चारदाती, जुळलेला असं वय सांगतात ना, तेच आम्ही तीन हजार वर्षांपूर्वीच्या जबड्यावर करतो. गुरं कोवळीच मारलेली दिसली तर ती मांसासाठी पाळली असावीत. म्हातारी होईपर्यंत ठेवलेली दिसली तर दूध आणि नांगर डोळ्यांपुढे येतो. हाड जनावराचं असलं तरी त्यावरून कळतो तो माणसाचा संसार, आणि मला या कामात धरून ठेवलं ते यानंच.

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेज या पुण्याच्या संशोधन संस्थेनं तिथे 1968 ते 1983 या काळात बारा हंगाम खणलं. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 या काळातलं शेतकऱ्यांचं गाव निघालं. लहान मुलं गेली की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात, घराच्याच जमिनीखाली पुरलेली. हाडं निघाली ती गाय-बैल, म्हैस, शेळ्यामेंढ्या, कुत्री यांची, आणि शिकार केलेल्या चितळ-काळविटांचीसुद्धा. शेवटच्या काळात मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेळ्यामेंढ्या आणि शिकार वाढली. पुरातत्त्वज्ञ मधुकर ढवळीकरांनी याचं कारण कोरडं पडलेलं हवामान हे सांगितलं. सगळ्यांना ते पटत नाही, वाद चालू आहे.

आदिमानवाबद्दल मुलीला एक गोष्ट आधीच सांगा. आपल्याकडे अतिप्राचीन माणसाची हाडं फार म्हणजे फारच थोडी सापडली आहेत. मध्य प्रदेशात नर्मदाकाठी हथनोरा इथे 1982 साली भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना कवटीचा वरचा भाग मिळाला, त्यावर अजून लेख लिहिले जातात. त्यामुळे त्या माणसाकडे जायची वाट बहुतेक दगडी हत्यारं आणि प्राण्यांचे अवशेष यांच्यातूनच जाते. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणे इथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांना शहामृगाच्या अंड्यांची कवचं मिळाली, सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीची. त्यातल्या एका तुकड्यावर रेषा कोरलेल्या आहेत. खानदेशात शहामृग, आणि त्याच्या अंड्यावर नक्षी काढत बसलेलं कुणीतरी! मला आजही त्याचं अप्रूप वाटतं.

पैशाचं सरळ सांगते. पुरातत्त्वात एम.ए., मग नेट ही प्राध्यापकीसाठीची परीक्षा, पीएच.डी., यात तिशी येते. केंद्र आणि राज्याची पुरातत्त्व खाती, विद्यापीठं, संग्रहालयं, एवढ्याच जागा, आणि त्याही कमी. मध्ये काही वर्षं प्रकल्पाच्या तुटपुंज्या मानधनावर काढावी लागतात. मी काढली, घरच्यांचा आधार होता म्हणून निभावलं. मनस्तापही असतो. एका हंगामात ओलीनं पिशव्यांवरची अक्षरं पुसली गेली आणि दोन पेट्या हाडं वाया गेली, कारण कुठल्या थरातलं हे माहीत नसेल तर हाडाचा काही उपयोग उरत नाही. मी तेव्हा रडले होते.

तिला जीवशास्त्र सोडू देऊ नका. डेक्कन कॉलेजचं संग्रहालय पुण्यात येरवड्याला आहे, तिथे इनामगावच्या वस्तू आहेत, एकदा घेऊन जा. आणि घरी मटण होत असेल तर येत्या रविवारी ताटातली हाडं टाकू नका. उकळून, घासून, उन्हात वाळवा आणि तिच्यापुढे ठेवा: कुठलं हाड कुठलं, डावं कुठलं, उजवं कुठलं. तासाभरानं ती अजून तिथेच बसलेली असली तर मला कळवा, पुढे काय वाचायचं ते सांगेन.