किल्ली वाटायची की हवाली करायची?

प्रश्न असा आहे: चिपमधल्या निरनिराळ्या भागांना एन्क्रिप्शनच्या (मजकूर कूटबद्ध करण्याच्या) ‘की’, म्हणजे गुप्त आकडे, सुरक्षितपणे दिल्या जातात, त्याला ‘कळवितरण’ म्हणावे की ‘किल्लीवाटप’?

‘कळ’ आधी बाजूला ठेवू. कळ दाबतात, कुलूप उघडते ती किल्ली. (शिवाय कळ येते आणि लावलीही जाते, ते दुखणे निराळे.) ‘चावी’लाही हरकत नाही.

खरी अडचण ‘वाटप’मध्ये आहे. वाटप म्हटले की सगळ्यांच्या हाती तीच वस्तू पडते. चिपमध्ये फ्यूजमध्ये (एकदाच लिहिता येणाऱ्या स्मृतीत) कायमची कोरलेली एक मूळ किल्ली असते आणि तिच्यापासून प्रत्येक कामासाठी वेगळी किल्ली गणिताने घडवतात: साठवणीची एक, सहीची दुसरी. सिद्ध शब्दापासून साधित शब्द होतो, तशी ही ‘साधित किल्ली’. मूळ किल्लीला ‘गुरुकिल्ली’ म्हणायचा मोह आवरा. गुरुकिल्ली सगळी कुलपे उघडते, ही स्वतः एकही उघडत नाही.

नीट आखलेल्या चिपमध्ये साधित किल्ली एईएस ब्लॉककडे (एईएस या प्रचलित पद्धतीने कूटबद्ध करणाऱ्या भागाकडे) स्वतंत्र तारांवरून जाते, सगळे भाग वापरतात त्या सामाईक तारांवर, म्हणजे ‘बस’वर, येतच नाही. सॉफ्टवेअर फक्त कप्प्याचा क्रमांक सांगते: ‘३ नंबरची वापर’. म्हणून क्रियापद ‘हवाली करणे’. नाम हवे तर ‘सोपवणूक’. ‘हवाला’ नको, त्याला पैशांचा वास येतो.

बसवरून न्यायचीच झाली तर दुसऱ्या किल्लीने कूटबद्ध करून नेतात. एईएसच्या प्रचलित पद्धतीत २५६ बिटांची किल्ली अशाने ३२० बिटांची होते आणि उघडताना ठरलेले ६४ बिट जुळले नाहीत तर ती नाकारली जाते. इंग्रजीत हिला ‘रॅप्ड की’ म्हणतात; ‘गुंडाळलेली’पेक्षा ‘मोहोरबंद किल्ली’ इथे नेमके बसते.

‘हवाली’चा आणखी एक फायदा. २५६ बिटांची किल्ली रजिस्टरमध्ये (ब्लॉकच्या छोट्या साठवणजागेत) बहुधा ३२ बिटांच्या आठ तुकड्यांत भरतात. रजिस्टर वाचता येत नसले, पण एकच तुकडा बदलता येत असला, तरी घात होतो. हल्लेखोर एकेका तुकड्यावर शून्ये लिहीत जातो आणि दर वेळी तोच मजकूर कूटबद्ध करवून उत्तर टिपून ठेवतो. शेवटी एकच तुकडा अनोळखी उरतो. तो फार तर ४३० कोटी प्रयत्नांत सापडतो, मग उलट क्रमाने बाकीचेही. म्हणून पहिला तुकडा लिहिताच जुनी किल्ली पूर्ण पुसली जावी आणि आठही आल्याशिवाय ब्लॉक चालू होऊ नये. वाटप अर्धवट राहू शकते. अर्धी किल्ली हवाली केली असे कोणी म्हणत नाही.